सात महिन्यांनी रॉडला हात

मार्च २०२० च्या मध्याला कोरोनामुळे जळगावातल्या जिमना कुलपं लागली, ती निघाली थेट दसऱ्याला. मधल्या काळात सगळ्यात जास्त गोंधळ उडाला तो ऑगस्टमध्ये. केंद्राने ५ ऑगस्टपासून जिम उघडायला परवानगी दिली, टीव्हीवर दिवसभर तीच पट्टी फिरली, आणि बरीच मंडळी पिशवीत बूट-नॅपकिन टाकून शटरपर्यंत जाऊन परत आली. राज्याने परवानगी दिलीच नव्हती. पुढची दोन वर्षं नियमांची उतरंड अशीच राहिली: आधी केंद्राची सूचना, मग राज्याचा आदेश, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. शटर उघडायचं ते या शेवटच्या कागदावर. व्हॉट्सॲपवर फिरणारा आदेशाचा फोटो बहुतेक वेळा मागच्या महिन्याचा असायचा, त्यामुळे वरची तारीख आणि खालची सही पाहिल्याशिवाय घरातून निघायचं नाही, ही सवय तेव्हाच लागली.

बंदच्या काळात व्यायाम अगदीच थांबला असं नाही. मेहरूण तलावाच्या काठी चालणारे चालत होते, पोलीस भरतीची पोरं मैदानावर १६०० मीटर मारत होती, घरोघरी पाण्याचे २० लिटरचे जार उचलले जात होते. भरलेला जार साधारण २० किलोचा, त्यामुळे हिशेबाला सोपा. पण घरच्या व्यायामात एक खोट राहते. जोर आणि बैठका घरात होतात. ओढायचा व्यायाम होत नाही, कारण लटकायला काही नसतं. सात महिने नुसते जोर मारले की छाती आणि खांद्याचा पुढचा भाग टिकतो, पाठ मात्र सुटते आणि खांदे पुढे येतात. मोबाइलवर वाकून बसणं त्यात भर घालतं. म्हणून परत आल्यावर ढकलण्याच्या प्रत्येक सेटमागे (सेट म्हणजे न थांबता केलेली एक फेरी) ओढण्याचे दोन सेट ठेवावेत: लॅट पुलडाऊन (बसून वरचा बार खाली ओढणं), सीटेड रोइंग (बसून दांडा पोटाकडे ओढणं), नाहीतर बेंचवर एक हात टेकून डंबेल ओढणं. निदान पहिले दोन महिने तरी.

नवरात्र लागताना बातमी आली की दसऱ्यापासून, म्हणजे २५ ऑक्टोबरपासून, राज्यात जिम उघडणार. झुंबा, सामूहिक योग, स्टीम आणि सॉना बंदच राहणार. हातात आठवडा होता. जिमवाल्यांनी तो साफसफाईला वापरला, मेंबर मंडळींनी जुनी पावती शोधायला.

पावती शोधणं महत्त्वाचं, कारण पहिला प्रश्न पैशांचा. आमच्याकडे तेव्हा महिन्याला ८००, सहा महिन्यांचे ४००० आणि वर्षाचे ७००० असा दर होता. डिसेंबरात किंवा जानेवारीत वर्षाचे पैसे भरलेल्यांचे दोन-तीन महिनेच वापरले गेले होते. बंद काळ पुढे वाढवून द्यायचा हे बहुतेक मालकांनी तोंडी मान्य केलं, पण तोंडी गोष्ट ट्रेनर बदलला की संपते. साधा अर्ज करावा: नाव, मेंबरशिप क्रमांक, पैसे भरल्याची तारीख आणि रक्कम, जिम बंद झाल्याची तारीख, उघडल्याची तारीख, आणि त्यावरून येणारी नवी मुदत. सोबत पावतीची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' अशी सही-शिक्का घ्यावा. गुगल पे किंवा फोन पेने पैसे दिले असतील तर त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉटही पावतीइतकाच उपयोगी. वाढीव मुदतीवर 'मेंटेनन्स चार्ज' म्हणून वेगळे पैसे मागण्याचे प्रकारही झाले. पावतीवर आधी तसं छापलेलं नसेल तर नाही म्हणायला हरकत नाही.

जीएसटीचीही एक गोष्ट. जिमच्या फीवर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता, पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या जिमला नोंदणी सक्तीची नव्हती. पावतीवर जीएसटी क्रमांक नसेल आणि तरी वर १८ टक्के लावले जात असतील तर क्रमांक मागावा. तोही मिळत नसेल आणि मुदतही वाढवून मिळत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ही वेळ फार थोड्यांवर येते. सही घेतलेली झेरॉक्स टेबलावर ठेवली की बोलण्याचा सूर बहुधा बदलतो.

उघडण्याचा दिवसच दसरा असल्याने रॉड, डंबेल, ट्रेडमिल सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि हळद-कुंकू लागलं. पूजा झाली, आपट्याची पानं वाटून झाली आणि मशीन वापरायची वेळ आली. सात महिने बंद खोलीत उभ्या राहिलेल्या मशीनकडे आधी नीट बघावं. खान्देशचा पावसाळा विदर्भ-कोकणासारखा नसला, तरी बंद शटरमागे दमटपणा साचतोच, आणि त्यानंतर ऑक्टोबरची उष्णता. रबर आणि रेक्झिन त्यात कडक होतात, लोखंड गंजतं.

सगळ्यात धोक्याची असते केबल. लॅट पुलडाऊनची काळी केबल वरून गुळगुळीत दिसते, पण नायलॉनच्या आवरणाखाली तारेचे पीळ असतात आणि गंज आत धरतो. बघायची जागा म्हणजे केबल जिथे धातूच्या टोकात दाबून बसवलेली असते ती, आणि कप्पीवरून सतत वळणारा भाग. तिथे आवरण फुगलेलं, पिचलेलं किंवा गाठ आल्यासारखं दिसलं तर ते मशीन त्या दिवशी सोडून द्यावं. हात फिरवून पाहू नये, तुटलेली तार सुईसारखी घुसते. सुती फडकं केबलवरून सरकवायचं; एखादा धागा अडकला तर आत तार सुटलेली आहे. आमच्या जिममध्ये हे फडकं पुलडाऊनच्या केबलवर कप्पीपासून वीतभर अंतरावर अडकलं. वरून पाहिलं तर तिथे आवरणाला नखाएवढी चीर, आणि चिरेतून आलेला तांबूस डाग. नवी केबल येईपर्यंत त्या मशीनला आडवी दोरी बांधून ठेवली. ४० किलोचा ओढा चालू असताना केबल तुटली की वरचा बार सरळ डोक्यावर येतो, म्हणून एवढी काळजी.

ट्रेडमिलचं दुखणं वेगळं. पट्टा आणि खालची फळी यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाचा पातळ थर असतो, तो वाळतो. मग मोटरवर ताण येतो, पाय टेकला की पट्टा क्षणभर अडखळतो, कधी एमसीबी, म्हणजे विजेचा सुरक्षा स्विच, पडतो. पट्टा थोडा सैल करून दोन्ही बाजूंनी आत मिळून १५ ते २० मिली शुद्ध सिलिकॉन तेल सोडायचं, मग पाच मिनिटं कमी वेगात चालवायचं. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे चालत नाही. त्याने पट्टा फुगतो आणि धूळ चिकटून लगदा होतो. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर मागच्या बोल्टला ॲलन कीने पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मेंबरनी हे काम स्वतः करू नये, पण पाय अडखळतोय हे सांगायला हवं. बहुतेक जण काही न बोलता शेजारच्या ट्रेडमिलवर जातात.

गंजलेल्या रॉडची खरखर तारेच्या ब्रशने साफ करून हलकं तेल लावायचं आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं. इथे निर्जंतुकीकरणाचा एक तोटा दिसला. फरशीसाठी सांगितलेलं एक टक्क्याचं सोडियम हायपोक्लोराइट अनेक ठिकाणी रॉडवरही मारलं गेलं. त्याने क्रोमचा मुलामा जातो आणि आठवड्याभरात नवा गंज येतो. लोखंडाला ७० टक्के अल्कोहोल बरं. तेही पूर्ण वाळल्यावरच पकडायचं. सॅनिटायझरचा हात ओला असताना डेडलिफ्ट (जमिनीवरचा जड रॉड उचलणं) धरली की रॉड बोटांतून सुटतो. वीस-तीस सेकंद थांबलं तर भागतं.

दारातली व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. केंद्राच्या नियमांत माणशी चार चौरस मीटर जागा आणि सहा फुटांचं अंतर होतं. ३० बाय ४० चा हॉल म्हणजे १२०० चौरस फूट, सुमारे १११ चौरस मीटर. चारने भागलं की २७ माणसं. प्रत्यक्षात मशीननी व्यापलेली जागा वजा केली की वीसही बसत नाहीत. म्हणून तासाची बॅच, मध्ये पंधरा मिनिटं पुसापुशी, आणि एकाआड एक ट्रेडमिल बंद. नाव आदल्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. सकाळी सहा आणि संध्याकाळी सातची बॅच मिनिटांत भरायची, दुपारी मात्र हॉल रिकामा. या काटछाटीत अनेक ठिकाणी महिलांची वेगळी बॅच पहिली गेली, 'त्यांची संख्या कमी' असं सांगून. संख्या कमी होती कारण वेळ दुपारी चारची दिली होती. घर, शाळा, चहा सगळं त्याच तासात येतं.

पहिल्या दिवशी हमीपत्र भरावं लागायचं: ताप-खोकला नाही, घरात रुग्ण नाही, आणि मधुमेह, रक्तदाब, दमा असल्यास त्याची नोंद. ही नोंद लपवू नये. ६५ वर्षांवरच्यांना, जुना आजार असलेल्यांना आणि गर्भवतींना बंदिस्त जिम टाळायला सांगितलेलं होतं. आमच्या काकांसारखे बरेच जुने मेंबर त्यामुळे तलावावरच राहिले, आणि ते बरंच झालं. रजिस्टरमध्ये नाव, मोबाइल, वेळ, ताप आणि ऑक्सिजन. ऑक्सिजन ९५ च्या खाली असेल तर व्यायाम नाही, असा स्पष्ट नियम होता. ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो तो ठरलेल्या कारणांनी: बोट थंड असणं, नखाला गडद रंग किंवा ताजी मेंदी असणं, किंवा दोन मजले जिना चढून लगेच बोट घालणं. पाच मिनिटं बसायचं, हात चोळायचे, बोट हृदयाच्या उंचीला ठेवायचं आणि आकडा अर्धा-एक मिनिट स्थिर झाल्यावर लिहायचा.

मास्कचा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत सुटायचा. एन-९५ लावून जड सेट मारता येत नाही. सर्जिकल मास्क घामाने भिजला की तोंडाला चिकटतो आणि कामाचाही राहत नाही, म्हणून पिशवीत दोन जास्तीचे लागायचे. दोन सेटमधली विश्रांती आधीच्या दुप्पट धरावी. ट्रेडमिलवर पळण्याऐवजी चढ देऊन चालावं: वेग ताशी ५ ते ५.५ किलोमीटर, चढ ३ ते ४. शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येतंय तोवर वेग ठीक.

धाप लागते तेव्हा मन खचतं, कारण आधी दहाच्या वेगाने पळणाऱ्यालाही पहिल्या दिवशी पाच मिनिटांत थांबावंसं वाटतं. त्यामागचं कारण माहीत असलं तर धीर येतो. व्यायाम सुटला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ द्रवाचा भाग कमी होतो. हृदय एका ठोक्याला कमी रक्त टाकतं, म्हणून ठोके वाढतात. हा भाग नियमित व्यायामाने एक-दोन आठवड्यांत बराचसा भरून येतो. दम त्याच क्रमाने आधी सुधारतो. ताकद त्या मानाने टिकून असते. जुने स्नायू नव्या माणसापेक्षा लवकर परत भरतात, हे प्रत्येक जुन्या जिमवाल्याने पाहिलेलं आहे.

घोळ होतो तो याच जागी. दारात पहिलंच वाक्य ऐकू येतं, 'काय भो, पोट सुटलं की!' आणि माणूस जुन्या प्लेटा लावायला जातो. एकूण काम मोजायची एक सोपी रीत आहे: सेट गुणिले रेप्स (एका सेटमध्ये वजन किती वेळा उचललं) गुणिले वजन. समजा बंद होण्याआधी बेंचवर आडवं पडून रॉड ढकलताना ८० किलोचे ८ रेप्स, असे ४ सेट व्हायचे. गुणाकार २५६० किलो. अमेरिकेतल्या स्ट्रेंथ कोचच्या संघटनांनी खेळाडूंसाठी खंडानंतर परतण्याचा एक हिशेब सुचवला आहे: पहिल्या आठवड्यात काम ५० टक्के कमी, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०, चौथ्यात १० टक्के कमी. म्हणजे पहिल्या आठवड्यात ५० किलोचे ८ रेप्स, ३ सेट, एकूण १२००. दुसऱ्यात ५५ किलोचे ८, ४ सेट, १७६०. तिसऱ्यात साडेबासष्ट किलो, २०००. चौथ्यात ७० किलो, २२४०. हा हिशेब रोज मैदानावर असणाऱ्या तरुण खेळाडूंचा आहे. सात महिने खुर्चीत बसलेल्या तिशी-चाळिशीच्या माणसाने प्रत्येक पायरीला दोन आठवडे द्यावेत असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, आणि प्रत्येक सेटमध्ये अजून चार रेप्स निघाले असते अशा जागी थांबायचं.

वजन मोजताना रॉड धरायला विसरू नये. ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो, पण आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये बारीक साधे रॉड असतात आणि त्यांचं वजन त्याच्या निम्मंही भरत नाही. ओतीव प्लेटांवरचा आकडाही नेहमी खरा नसतो. शेजारी भंगारवाल्याचा किंवा किराण्याचा काटा असतोच; एकदा रॉड आणि दोन प्लेटा टाकून बघाव्या आणि आकडा खडूने भिंतीवर लिहावा. सव्वा किलोच्या प्लेटा जिममध्ये नसल्या तर मालकाकडे मागाव्यात. परतीच्या काळात त्याच सगळ्यात जास्त कामाला येतात, आणि वीस किलोच्या प्लेटेपेक्षा त्यांचा खर्च नगण्य.

अंग दुखणार, ते ठरलेलंच. दुसऱ्या दिवशी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, चार-पाच दिवसांत उतरतं. वजन खाली आणताना स्नायू ताणला जातो तेव्हा ही इजा जास्त होते, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत चालत मारायचे लंजेस (एकेक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), सावकाश उतरायच्या चिन-अप्स (बारला लटकून अंग वर ओढणं) आणि सरळ पायांची डेडलिफ्ट टाळावी. संडासला भारतीय पद्धतीचं भांडं असलेल्या घरात लेग डेनंतरचे, म्हणजे पायांच्या व्यायामानंतरचे, दोन दिवस काय होतं ते सांगायची गरज नाही.

एक दुखणं मात्र साधं नसतं. दंड किंवा मांडी सुजून टणक झाली, कोपर सरळच होईना, आणि लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरला आहे आणि मूत्रपिंडावर भार पडतो आहे. डॉक्टर याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात आणि रक्ताची सीपीके तपासणी करतात. सलाइन लावावं लागू शकतं. अशा वेळी घरी थांबून दुखण्याच्या गोळ्या घेत राहणं वाईट, कारण त्यातल्या अनेक गोळ्या मूत्रपिंडाला आणखी जड जातात. मोठ्या खंडानंतर पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे रेप्स, उकाडा आणि कमी पाणी, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की हे होतं. भरतीची पोरं आणि पैज लावणारे मित्र यात जास्त सापडतात.

पाण्याचं सांगायचं तर ऑक्टोबरची उष्णता आणि बिनएसीचा हॉल यात तासाला लिटरभर घाम सहज जातो. घरून दोन लिटरची बाटली आणावी, कारण तेव्हा जिमचा कूलर बंद असायचा. घरी गेल्यावर मीठ घातलेलं ताक पुरतं. खाण्याची काळजी खान्देशात तशी कमी. रावेर-यावलची केळी दारात येतात. व्यायामाच्या तासभर आधी एक-दोन केळी पोटाला हलकी. अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ आणि तेवढ्याच कच्च्या उडदाच्या डाळीत जवळपास तेवढीच. ७० किलोच्या माणसाला परतीच्या काळात दिवसाला ८५ ते ११० ग्रॅम लागतात. दोन्ही वेळेला घट्ट डाळ, तीन-चार अंडी, मूठभर शेंगदाणे आणि दूध-दही असलं की डब्याच्या पावडरीवाचून बहुतेकांचं भागतं. वरण-बट्टी मात्र व्यायामानंतर, आधी नाही. तुपात बुडवलेली बट्टी पोटात घेऊन स्क्वॉट मारून बघितलेल्यांना कारण माहीत आहे.

डिसेंबर लागला की दुसरा सापळा येतो. एव्हाना उचलायचं वजन जवळपास जुन्या आकड्याला भिडलेलं असतं, आरशात फरक दिसतो आणि कोपराच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्याच्या वाटीखाली बारीक कळ सुरू होते. स्नायू लवकर भरतो. त्याला हाडाशी बांधणारा कंडरा सावकाश भरतो, कारण त्याला रक्तपुरवठा कमी. दोघांतला हा फरक सहाव्या ते दहाव्या आठवड्यात उघडा पडतो. कळ आली तर व्यायाम पूर्ण बंद करायचा नसतो. वजन तीस-चाळीस टक्के उतरवायचं, रेप सावकाश करायचा, तीन सेकंद वर आणि तीन सेकंद खाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढली नसेल तरच पुढे जायचं. थंडीत पहाटेचं तापमान दहाच्या आसपास येतं तेव्हा वॉर्मअपला पाच मिनिटं पुरत नाहीत, बारा-पंधरा द्यावी लागतात. हाताचे घट्टे सात महिन्यांत गेलेले असतात. कातडी सोलली तर टेप लावून ओढण्याचे व्यायाम मशीनवर करावेत.

एवढं सगळं जमून येतंय तोवर ५ एप्रिल २०२१ पासून पुन्हा कुलूप. दुसरी लाट पहिल्यासारखी नव्हती. प्रत्येकाच्या घरात, गल्लीत कुणी ना कुणी ॲडमिट होतं आणि जिमचा विषय काढायची लाज वाटायची. ७ जूनपासून राज्यात पाच स्तरांची पद्धत आली; स्तराचा आकडा जितका मोठा, तितके निर्बंध कडक. महिना संपायच्या आत सगळेच जिल्हे किमान तिसऱ्या स्तरावर आणले गेले: जिम दुपारी चारपर्यंत, निम्म्या क्षमतेने, वेळ घेऊन, एसी न लावता. चारला दुकानंही बंद होत होती, त्यामुळे फुले मार्केटमध्ये काम करणाऱ्याला पहाटेची बॅच सोडून दुसरी वेळच नव्हती. ऑगस्टच्या सुरुवातीला वेळ रात्री आठपर्यंत झाली, शनिवारी तीनपर्यंत, रविवारी बंद. १५ ऑगस्टपासून दहापर्यंत.

दोन महिन्यांच्या खंडातून परतणं सोपं गेलं. वरचा चार पायऱ्यांचा हिशेब यावेळी आठवड्याला एक पायरी या वेगाने बहुतेकांना झेपला. अपवाद कोविड होऊन गेलेल्यांचा, आणि ते यावेळी खूप होते. त्यांनी सगळी लक्षणं जाऊन निदान सात दिवस होईपर्यंत चालण्यापलीकडे काही करू नये. मग घरीच तपासायचं: ऑक्सिमीटर लावून आकडा बघायचा, सहा मिनिटं सपाटीवर चालायचं, पुन्हा बघायचा. ९४ च्या खाली गेला किंवा तीन-चार अंकांनी उतरला तर जिम नाही, डॉक्टर. छातीत दुखणं, जिना चढताना धडधड, चक्कर यांपैकी काही असेल तर आधी ईसीजी. न्यूमोनिया होऊन गेलेला असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय वजन उचलायचं नाही. स्टेरॉइड घेतलेल्यांनी साखर तपासावी. आधी मधुमेह नसलेल्यांचीही वाढलेली सापडत होती, आणि उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्याला ते माहीत हवं. या मंडळींना वजनाचा आकडा ठरवून देऊ नये. आज केलेल्या व्यायामाने उद्या गळून गेल्यासारखं वाटलं तर आजचा व्यायाम जास्त झाला, एवढंच माप.

लसीचं वेळापत्रकही बॅचमध्ये शिरलं. मे २०२१ पासून कोविशिल्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचं अंतर झालं होतं. डोसच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यावी. टोचलेल्या हाताने शोल्डर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं) तर नाहीच. प्रमाणपत्र कोविनवरून काढून मोबाइलमध्ये आणि एक छापील प्रत पाकिटात ठेवावी, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय ना ते तेव्हाच बघावं. त्याचा उपयोग जानेवारी २०२२ मध्ये झाला. ओमायक्रॉनमुळे १० जानेवारीपासून जिम बंद असा आदेश निघाला, आणि तो लागू व्हायच्या आतच बदलून निम्म्या क्षमतेने, मास्कसह, दोन्ही डोस झालेल्यांनाच प्रवेश असा झाला. ज्यांनी पहिला आदेश वाचून पिशवी माळ्यावर टाकली त्यांचा महिना फुकट गेला.

१ एप्रिल २०२२ पासून निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. नव्या मेंबरशिपच्या ऑफर त्याच दिवशी लागल्या. वर्षाचे पैसे भरायचे असतील तर पावतीच्या मागे तीन ओळी लिहून घ्याव्यात: सरकारी आदेशाने जिम बंद राहिल्यास तेवढे दिवस मुदत आपोआप वाढेल, आजारपणात डॉक्टरांच्या कागदावर मुदत थांबवता येईल (किती दिवस तेही), आणि जिम दुसऱ्याने चालवायला घेतली तरी मेंबरशिप चालू राहील. खाली मालकाची सही, ट्रेनरची नाही. सही मिळत नसेल तर तीन-तीन महिन्यांचे भरावेत. थोडे जास्त जातात. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४४-४५ ला जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमधल्या जिमला तसंही फक्त पहाटे जाता येतं, हेही पैसे भरण्याआधी दुपारी एकदा आत उभं राहून बघून घ्यावं.